लॅपटॉपचे पडणे आणि लॅपटॉपचा पडदा



घरात लॅपटॉप घ्यावयाचे ठरले म्हणजे दुकानातून एक रंगीत पत्रक येते, आणि त्यावरील निम्मे शब्द घरातील कोणालाच नीट उमगत नाहीत. त्यांपैकी दोन शब्द आज विचारासाठी घेऊ. एक 'ड्रॉप प्रोटेक्शन' आणि दुसरा 'व्हर्च्युअल डेस्कटॉप'. पहिल्याचा अर्थ पुष्कळजण 'पडला तरी फुटत नाही' असा करतात आणि दुसऱ्याचा 'एका संगणकात दोन संगणक' असा. हे दोन्ही अर्थ खरे नव्हेत. दुसऱ्या गैरसमजाने फारसे बिघडत नाही. पहिल्याने मात्र घरातील जमाखर्च, गुणपत्रिकांच्या प्रती आणि लग्नकार्याची छायाचित्रे एका क्षणात नाहीशी होऊ शकतात. थोरल्या भावाने वापरून झालेला किंवा जुन्या बाजारातून घेतलेला लॅपटॉप ज्यांच्या वाट्याला येतो, त्यांनी तर हा विषय अवश्य समजून घ्यावा.

प्रथम हार्डडिस्क म्हणजे काय ते पाहू. ग्रामोफोनची तबकडी तुमच्यापैकी काहींनी आजोबांच्या कपाटात पाहिली असेल. हार्डडिस्क ही तिची दूरची बहीण होय. तीतही एक गुळगुळीत तबकडी फिरते आणि तिच्यावर एका भुजेच्या टोकाला बसविलेले 'हेड' पुढेमागे सरकत मजकूर लिहिते व वाचते. लॅपटॉपमधील नेहमीच्या हार्डडिस्कची तबकडी सुमारे साडेसहा सेंटिमीटर व्यासाची असून ती मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. परिघाचे गणित करून पाहा. तबकडीची कड ताशी सुमारे ६६ किलोमीटर वेगाने धावत असते!

मात्र दोन्ही बहिणींत एक मोठा भेद आहे. ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकलेली असते. हार्डडिस्कच्या हेडने तबकडीला स्पर्श करता कामा नये. फिरत्या तबकडीबरोबर हवेचा जो अतिपातळ थर ओढला जातो, त्यावर ते तरंगते. ही उंची अवघी काही नॅनोमीटर असते. आपल्या डोक्यावरील केसाची जाडी सुमारे ७०,००० नॅनोमीटर धरली, तर त्या फटीची कल्पना यावी. इतक्या जवळून धावणाऱ्या हेडला बाहेरून जोराचा हिसका बसला, की ते तबकडीवर आपटते, तिच्यावरील चुंबकीय लेप खरवडला जातो आणि निघालेला कचरा आणखी ओरखडे पाडीत जातो. तेथे लिहिलेला मजकूर मग परत मिळत नाही.

पहिली हार्डडिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली विक्रीस काढली. तीत दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन सुमारे एक टन होते, आणि एवढ्या थाटात मावत होती फक्त ५० लाख अक्षरे. ते धूड कोणाच्या हातून पडण्याची भीती अर्थातच नव्हती. ती भीती जन्मली संगणक मांडीवर आल्यावर.

आता पडण्याचे गणित करू. नववीच्या पुस्तकातील सूत्र येथे पुरते. मेजाची उंची ७५ सेंटिमीटर धरली, तर तेथून निसटलेली वस्तू जमिनीवर पोहोचण्यास सुमारे ०.३९ सेकंद लागतात, आणि त्या वेळी तिचा वेग सेकंदाला ३.८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४ किलोमीटर असतो. हा वेग काही भयंकर नव्हे. सायकलवर आपण तितक्या वेगाने रोज जातो. इजा होते ती वेगाने नव्हे, तर अकस्मात थांबण्याने. ७५ सेंटिमीटर पडताना मिळविलेला वेग फरशीवर एका मिलिमीटरात नाहीसा झाला, तर बसणारा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या ७५० पट होतो. कारण पडण्याचे अंतर थांबण्याच्या अंतराच्या ७५० पट आहे. तीच वस्तू जाड गादीवर पडून एक सेंटिमीटरात थांबली, तर धक्का ७५ पटींवर येतो. आजी काचेचे भांडे घासताना खाली पोते अंथरते, त्यामागील पदार्थविज्ञान हेच.

लॅपटॉपमधील हार्डडिस्क चालू असताना साधारणतः ३०० ते ४०० पट धक्का क्षणभर सोसू शकते. हेड तबकडीवरून काढून बाजूच्या उतरणीवर नेऊन ठेवले असेल, तर तीच हार्डडिस्क ९०० ते १,००० पटींपर्यंत टिकते. आपला ७५० चा आकडा नेमका या दोहोंच्या मध्ये पडतो. म्हणून सारा प्रश्न एवढाच उरतो, की मेजावरून जमिनीपर्यंतच्या त्या ०.३९ सेकंदांत हेड बाजूला नेता येईल काय? नेण्याचे काम एक-दोन दशांश सेकंदांत उरकते. पण त्याआधी यंत्राला कळले पाहिजे, की आपण पडत आहो.

ते कसे कळावे? लॅपटॉपला डोळे नाहीत. मेज सुटले, जमीन जवळ येत आहे, हे तो पाहू शकत नाही. येथे एक सोपा प्रयोग करून पाहा. प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाशी भोक पाडा, ते बोटाने दाबून बाटली पाण्याने भरा आणि झाकण न लावता अंगणात उंच धरा. बोट काढताच पाण्याची धार लागेल. आता बाटली सोडून द्या. ती खाली पडत असताना धार थांबते! बाटली आणि पाणी एकाच त्वरणाने खाली येत असल्यामुळे पाण्याचा भार तळावर पडतच नाही. पडणाऱ्या वस्तूला स्वतःचे वजन जाणवत नाही, ही गोष्ट १९०७ साली बर्न येथील पेटंट कचेरीत काम करीत असताना आइन्स्टाइन यांच्या मनात आली, आणि पुढे त्यांनी तिला आपल्या आयुष्यातील सर्वांत आनंदाचा विचार म्हटले. सापेक्षतेच्या व्यापक सिद्धान्ताची वाट तेथून निघाली.

लॅपटॉपमध्ये हीच बाटली सिलिकॉनच्या कणात बसविलेली असते, असे म्हणावयास हरकत नाही. 'ॲक्सेलरोमीटर' नावाच्या, आकाराने काही मिलिमीटरच असलेल्या चिपमध्ये एक सूक्ष्म वजन नाजूक स्प्रिंगांवर टांगलेले असते. लॅपटॉप मेजावर स्वस्थ असताना त्या वजनाचा ताण स्प्रिंगवर असतो आणि चिप '१' दाखविते. येथे १ म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतके. लॅपटॉप निसटला, की वजन आणि चौकट दोन्ही बरोबरच पडू लागतात, ताण सैल होतो आणि आकडा शून्याकडे जातो. गमतीची गोष्ट ही, की आपण स्थिर असताना हे यंत्र त्वरण दाखविते आणि खरोखर त्वरणाने पडत असताना शून्य! शून्य दिसताच हेडला 'बाजूला हो' अशी आज्ञा जाते. ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे, त्यांनी जर्मनीतील आखेन विद्यापीठाचे 'फायफॉक्स' हे विनामूल्य ॲप घेऊन, वडिलांची परवानगी काढून, फोन हातभर उंचीवरून जाड गादीवर सोडून पाहावा. आलेखात ९.८ ची रेघ एकदम शून्याजवळ उतरलेली दिसेल.

हे संरक्षण आयबीएमने २००३ साली आपल्या 'थिंकपॅड' लॅपटॉपमध्ये आणले. अपघाताच्या वेळी मोटारीतील हवेची पिशवी फुगविण्यासाठी अशाच चिपा आधीपासून वापरात होत्या. कल्पना तेथूनच उचललेली. ही योजना शून्याचीच वाट पाहत बसत नसे. लॅपटॉप कलंडू लागल्याची खूणही ती ओळखी. आगगाडीतील एकसारखे हादरे म्हणजे पडणे नव्हे, हेही तिला उमगावे अशी सोय होती. नाहीतर प्रवासात हेड सारखे बाजूलाच जाऊन बसले असते आणि काम काहीच झाले नसते. २००५ साली ॲपलने आपल्या 'पॉवरबुक'मध्ये असेच संरक्षण दिले. पुढे काही हार्डडिस्कमध्येच ही चिप बसविण्यात येऊ लागली.

आता या संरक्षणाची मर्यादा तुमच्याच गणिताने ठरवा. दहा सेंटिमीटरांवरून पडण्यास सुमारे ०.१४ सेकंद लागतात. तेवढ्यात हेड बाजूला जाईलच असे नाही. पण धक्काही लहान असतो. उभ्या माणसाच्या खांद्यावरून, म्हणजे सुमारे दीड मीटरवरून पडल्यास वेळ भरपूर मिळतो, परंतु एका मिलिमीटरात थांबल्यास धक्का १,५०० पट होतो आणि बाजूला नेलेले हेडही मग वाचत नाही. तात्पर्य, हे संरक्षण मधल्या उंचीचे आहे; खुर्ची, मांडी आणि मेज यांचे. शिवाय ते हार्डडिस्कपुरते आहे. पडदा, बिजागरी, चार्जरचे टोक यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. पत्रकात ही गोष्ट बारीक अक्षरांतही नसते, हे मला गैर वाटते.

झोपी गेलेल्या, म्हणजे 'स्लीप'मध्ये असलेल्या लॅपटॉपचे हेड आधीच बाजूला असते. म्हणून झाकण मिटताच त्याला उचलून पिशवीत कोंबू नये. आतील घरघर थांबेपर्यंत चार-सहा सेकंद जाऊ द्यावेत. चालू लॅपटॉप एका हाताने कडेला धरून या खोलीतून त्या खोलीत नेण्याची खोड पुष्कळांना असते. तीच सर्वांत वाईट.

नवीन लॅपटॉपमध्ये बहुधा हार्डडिस्क नसतेच. तिच्या जागी 'एसएसडी' आली आहे. तीत फिरणारे काहीही नाही. मजकूर चिपमधील सूक्ष्म कप्प्यांत विद्युत्भाराच्या रूपाने साठविलेला असतो. साहजिकच हेडला वाचविण्याची ही सारी योजना तेथे अनावश्यक ठरली. परंतु जुन्या लॅपटॉपमध्ये तबकडी अजून फिरते आहे, आणि विशेष म्हणजे मजकुराची दुसरी प्रत ठेवण्यासाठी जी खिशात मावणारी हार्डडिस्क आपण घेतो, तीतही बहुधा तबकडीच असते. ती मेजाच्या अगदी काठावर, आखूड वायरीला लोंबत असलेली मी अनेक घरांत पाहिली आहे. जिच्या भरवशावर आपण निर्धास्त असतो, तीच पडावयास सर्वांत सोपी! अशी डिस्क काम चालू असताना मेजावर आडवी, भिंतीच्या बाजूस ठेवावी, आणि फार मोलाच्या कागदांची तिसरी प्रत निराळ्या ठिकाणी असावी.

त्या इवल्याशा चिपला पुढे आणखी कामे मिळाली. अमेरिकेतील संशोधकांनी लोकांच्या लॅपटॉपमधील या चिपांचा उपयोग भूकंपाची नोंद घेण्यासाठी केला. 'क्वेक-कॅचर नेटवर्क' हे त्या उपक्रमाचे नाव. आज फोन आडवा करताच चित्र आडवे होते ते अशाच चिपमुळे, आणि अँड्रॉइड फोनवर भूकंपाची सूचना देण्याची जी सोय २०२३ साली भारतात सुरू झाली, तिच्या मुळाशीही हीच युक्ती आहे.

आता दुसऱ्या शब्दाकडे वळू. संगणक मांडीवर आला तेव्हा पडण्याच्या भीतीबरोबर आणखी एक अडचण आली. पडदा लहान झाला. एका बाजूला निबंध, दुसरीकडे शब्दकोश, तिसरीकडे वर्गाचे व्याख्यान अशा खिडक्या एकमेकींवर चढतात आणि हवी ती सापडत नाही. १९८६ साली झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रातील ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड यांनी यावर 'रूम्स' नावाची योजना मांडली. माणूस खिडक्या कशाही उघडीत नाही, एकेका कामाच्या खिडक्यांचा एकेक गट असतो, हे त्यांनी हेरले आणि प्रत्येक गटाला निराळी खोली दिली. आजचे आभासी मेज ते हेच. लिनक्सवर ही सोय फार पूर्वीपासून आहे. ॲपलच्या संगणकांवर ती २००७ साली आणि विंडोजवर २०१५ साली, विंडोज १० बरोबर आली. विंडोज-चिन्हाची कळ, कंट्रोल आणि डी अशा तीन कळा एकदम दाबल्या, की नवे मेज उघडते; डी च्या जागी डावा-उजवा बाण दाबला, की एका मेजावरून दुसऱ्यावर जाता येते. भूमितीचे एक मेज, निबंधाचे दुसरे, अशी वाटणी करून पाहा. परीक्षेच्या दिवसांत डोके पुष्कळ हलके राहते.

मात्र मेजे कितीही मांडली तरी संगणक एकच असतो. दृष्टीआड असलेल्या मेजावरील प्रोग्राम चालूच राहतात, तीच स्मृती आणि तीच बॅटरी खातात. म्हणून जुन्या लॅपटॉपवर चार मेजे भरली, की पाचवे उघडण्याआधीच तो कुंथू लागतो. दुसरे असे, की तुम्ही लिहिलेला पण 'सेव्ह' न केलेला निबंध हार्डडिस्कवर पूर्णपणे पोहोचलेलाच नसतो. तो 'रॅम' या तात्पुरत्या स्मृतीत असतो. वीज तुटली की रॅम रिकामी होते. काही प्रोग्राम मधूनमधून आपोआप जतन करतात, सगळे नव्हेत. बॅटरी मेलेल्या लॅपटॉपची पिन चुकून निघाली, तर दुसऱ्या मेजावर अर्धवट ठेवलेला निबंध त्याक्षणी जातो. आणि त्या बाबतीत पडण्यापासूनचे संरक्षण काहीच करू शकत नाही, कारण पडलेले काही नसते. उलट एखादे मेज नकोसे होऊन तुम्ही बंद केले, तर घाबरू नये. विंडोज त्यावरील खिडक्या बंद करीत नाही. त्या उचलून शेजारच्या मेजावर आणून ठेविते.