कठीण लाकडाची आयात : आकडे कसे वाचावेत?

बांधावरील साग विकावयास काढला की, परदेशी माल स्वस्त आला आहे, तेव्हा भाव मिळणार नाही, असे शेतकऱ्यास पुष्कळदा ऐकावे लागते. हे म्हणणे पारखून घेता यावे, म्हणून निरनिराळ्या देशांच्या आयातीचे आकडे ताडून पाहण्याची रीत ग्रामसेवकांनी स्वतः समजून घ्यावी व गावकऱ्यांस समजावून द्यावी.

१. माल कोणता? व्यापारात रुंद पानांच्या वृक्षांचे लाकूड ते ‘कठीण’ व चीड, देवदार यांसारख्या सूचिपर्णी वृक्षांचे ते ‘मऊ’ समजतात. सावरीचे लाकूड हाताला मऊ लागते, तरी ते कठीण लाकडातच मोडते. चीन मऊ लाकूडही फार मोठ्या प्रमाणावर आणतो. म्हणून एकूण लाकडाच्या आकड्यांवरून चीन व भारत यांची तुलना करणे चुकीचे होय.

२. ओंडके की चिरीव माल? ओंडका चिरताना साल, कडा व भुसा वजा जाऊन ढोबळ मानाने निम्मे लाकूड हाती येते. एका देशाने १०० घनमीटर ओंडके व दुसऱ्याने ५० घनमीटर चिरीव माल आणला, तर दोघांची गरज जवळजवळ सारखीच समजावी. भारताने दीर्घकाळ मुख्यतः ओंडकेच आणले; कांडला बंदराजवळ गांधीधाम येथे ते चिरण्याचा मोठा धंदा वाढला.

३. माप कोणते? ३ मीटर लांब व १.२ मीटर घेर असलेला ओंडका चौथाई घेराच्या रीतीने ०.२७ घनमीटर भरतो. त्याचे खरे घनफळ मात्र सुमारे ०.३४ घनमीटर असते. ब्रह्मी सागाच्या व्यवहारातील हॉपस टन याच रीतीचा असून तो सुमारे १.८ घनमीटर होतो. माप एक केल्याखेरीज तुलना करू नये.

४. काळ कोणता? केवळ दोन वर्षांचे आकडे पुरेसे नाहीत. थायलंडने १९८९ मध्ये नैसर्गिक जंगलातील तोड थांबविली. १९९८ च्या महापुरानंतर चीनने तोडीवर निर्बंध घातले व त्याची आयात वाढली. गॅबनने २०१० मध्ये, तर म्यानमारने (पूर्वीचा ब्रह्मदेश) १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. अशा बंदीपूर्वी साठा करण्यासाठी खरेदी वाढू शकते व नंतर आकडा एकदम उतरतो. त्यावरून मागणी घटली असे समजू नये. तेच लाकूड चिरून येते, किंवा दुसऱ्या देशातून येते. भारतात घाना, इक्वेडोर, पनामा, कोस्टारिका येथील लागवडीचा सागही येतो.

शेतकऱ्याच्या दृष्टीने शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. लागवडीचा साग बहुधा कोवळा व कमी घेराचा असतो. आपल्या बारीक सागाची खरी स्पर्धा त्याच्याशीच होते; जाड घेराच्या पक्व सागाची तितकी होत नाही. म्हणून परदेशी भाव सांगितला गेल्यास घेर किती, माप कोणते व माल ओंडक्याचा की चिरीव, हे तीन प्रश्न विचारावेत. आपल्या झाडांचे घेर स्वतः मोजून लिहून ठेवावेत. साग हा नाशवंत माल नव्हे; योग्य भाव न आल्यास झाड उभे ठेवता येते व त्याचा घेर वाढतच राहतो. विक्री ठरल्यास मात्र १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाप्रमाणे आधी परवानगी घ्यावी, मगच कुऱ्हाड लावावी.