गृहसंग्रहाचा ताळेबंद आणि विस्तारित वास्तव

वर्षअखेरीस दुकानातील व वखारीतील माल मोजल्यावाचून चोपड्या मिटावयाच्या नाहीत, ही व्यापाऱ्याची जुनी शिस्त आहे. किती पोती आली, किती गेली आणि शिल्लक मालापैकी विकण्याजोगा किती, हे पाहिल्याखेरीज नफ्यातोट्याचा आकडा खरा ठरत नाही. परंतु हीच शिस्त आपण घराच्या उंबरठ्याच्या आत नेत नाही. माळ्यावरील भांडी, मुले मोठी झाल्यावर कोपऱ्यात राहिलेला पाळणा, न वापरली जाणारी सायकल, लग्नकार्यात आलेले व वेष्टनही न काढलेले डबे, कपाटांत कोंबलेले कपडे, यांची शिल्लक कोणत्याही चोपडीत नसते. अशा वस्तूंची वेळीच विल्हेवाट कशी लावावी, आणि ‘विस्तारित वास्तव’ या नावाने पुढे आलेले नवे तंत्र त्या कामी कितपत साहाय्य करील, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

वापरलेल्या वस्तूंचा व्यापार आपणांस नवा नाही. धान्याच्या धंद्यात रिकामे बारदान कोणी टाकून देत नाही. ते झाडून, निवडून, फाटले असल्यास दाभणाने शिवून पुन्हा वापरात येते. मराठी घरांत जुन्या कपड्यांवर नवे भांडे देणारी बोहारीण सर्वांच्या परिचयाची आहे. पुण्याचा जुना बाजार तर प्रसिद्धच आहे. आपल्या जिल्ह्यातील नेपानगरचा कागद कारखाना पंडित नेहरूंनी १९५६ मध्ये राष्ट्रास अर्पण केला. आरंभी तेथे जंगलातील लाकडापासून वृत्तपत्राचा कागद बनत असे. पुढे रद्दी कागदावरील शाई काढून त्याचाच लगदा वापरण्याची पद्धत तेथे आली. सारांश, एकाच्या घरातील निरुपयोगी वस्तू दुसऱ्याचा कच्चा माल असते, हे तत्त्व आपल्या दारातच सिद्ध झालेले आहे.

असे असता वस्तू घरात पडून का राहतात? याची मुख्य कारणे दोन. पहिले, ज्या वस्तूजवळून आपण रोज जातो ती वस्तू दिसेनाशी होते. दुसरे कारण मनाचे आहे. कानेमन, नेच व थेलर या तीन अभ्यासकांनी १९९० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांस साधे पेले दिले व ते किती किमतीस विकाल, असे विचारले. इतरांस ते किती किमतीस घ्याल, असे विचारले. ज्यांच्या हाती पेला होता त्यांनी घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट किंमत सांगितली. पेला तोच, केवळ ‘माझा’ झाल्याने त्याचे मोल वाढले. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून न करता मूर्च्छेवरून, म्हणजे ममत्वावरून केली आहे. आधुनिक प्रयोगाने त्याच ममत्वाचा जणू भाव काढून दाखविला, असे म्हणावयास हरकत नाही.

आता नव्या तंत्राकडे वळू. ज्यास इंग्रजीत ‘एक्स्टेंडेड रिॲलिटी’ म्हणतात त्यात मुख्यतः दोन प्रकार येतात. डोळ्यांवर यंत्र चढवून संपूर्ण कृत्रिम दृश्यात शिरणे, हे आभासी वास्तव. आणि समोरच्या खऱ्या दृश्यातच एखादी कृत्रिम आकृती मिसळून पाहणे, हे संवर्धित वास्तव. इव्हान सदरलँड या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ मध्ये डोक्यावर धारण करावयाचे असे यंत्र सिद्ध केले. ते इतके अवजड होते की छतास टांगावे लागे. आज दुसऱ्या प्रकाराचे काम खिशातील मोबाइलवर होते. मोबाइलचा कॅमेरा व त्यातील गतिमापक यांच्या साहाय्याने यंत्र जमीन व भिंत ओळखते, अंतराचा हिशेब करते आणि वस्तूची आकृती योग्य मापाने खोलीत उभी करून दाखविते.

आयकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीने २०१७ मध्ये असे साधन ग्राहकांस दिले. या कंपनीचे नवी मुंबईतील दुकान २०२० मध्ये उघडले. २०२२ मध्ये तिने अमेरिकेत आणखी एक साधन आणले. त्यात आपल्या खोलीचे चित्र घेऊन त्यातील जुने सामान पुसून टाकता येते व मोकळी खोली पाहता येते. कंपनीचा हेतू अर्थातच नवे सामान विकण्याचा. परंतु हेच साधन उलट बाजूने वापरता येईल. कपाट व मोडकी खुर्ची नाहीशी होऊन मोकळी झालेली आपलीच खोली मनुष्याने एकदा पाहिली, म्हणजे रोज न दिसणारी अडगळ त्यास दिसू लागते. पहिल्या अडचणीवर हा उपाय आहे.

विक्रीच्या बाजूनेही याचा उपयोग उघड आहे. बुऱ्हाणपुरातील एखादे सागवानी कपाट रावेर किंवा भुसावळ येथील गृहस्थास हवे आहे, असे समजा. साध्या छायाचित्रावरून ते त्याच्या खोलीत बसेल की नाही, हे कळत नाही. तो टेम्पो करून नेतो, कपाट दारातून आत जात नाही, आणि भाडे दोन्ही वेळचे अंगावर पडते. त्याच कपाटाची मापशीर आकृती त्याच्या मोबाइलवर, त्याच्याच भिंतीशी उभी राहिली, तर निर्णय घरबसल्या होतो. घेणाऱ्यास वस्तू आपल्या घरात शोभताना दिसते आणि देणाऱ्यास ती दुसऱ्याच्या उपयोगी पडणार हे समजते. त्यामुळे ममत्वाची गाठही काही अंशी सैल होते. जुनी वस्तू टिकली, तर तितके लाकूड, लोखंड व सूत नव्याने खर्ची पडत नाही.

परंतु येथेच व्यापाऱ्याने सावध व्हावयास हवे. धान्याचा नमुना पाहताना आपण पोत्याच्या तोंडावरचे दाणे पाहून भाव ठरवीत नाही. परखी आत खुपसून मधला माल काढतो. मोबाइलवरील आकृती म्हणजे पोत्याच्या तोंडावरचे दाणे होत. तीत वाळवी दिसत नाही, लाकडाचा ओलसर वास येत नाही, सांधा हलतो की नाही हे कळत नाही. श्रावकाच्या अचौर्यव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोट्या वजनमापांबरोबर प्रतिरूपक-व्यवहारही येतो. उत्तम मालासारखा दिसणारा हीन माल उत्तम म्हणून खपविणे, असा त्याचा अर्थ. ज्या धंद्यात वस्तूऐवजी तिचे प्रतिरूपच ग्राहकाच्या डोळ्यांपुढे येते, त्या धंद्यास हा इशारा किती लागू आहे, हे निराळे सांगावयास नको. म्हणून आकृतीबरोबर दोषांचे जवळून घेतलेले छायाचित्र आणि फितीने घेतलेले माप लेखी देणे, हा नियमच असावा. मोबाइलचे माप अंदाजापुरते ठीक. सौद्यास फीतच हवी.

दुसरा धोका घरधन्यासाठी आहे. जुने विकून आलेल्या पैशात नवे घ्यावयाचे आणि रिकामा झालेला कोपरा पुन्हा भरावयाचा, असे झाल्यास संग्रह कमी न होता केवळ फिरत राहील. यंत्र कोपरा मोकळा दाखवील. तो मोकळा ठेवणे यंत्राच्या हाती नाही. ते काम परिग्रह-परिमाणाचे, म्हणजे अमुक इतकेच ठेवीन अशा स्वतः घातलेल्या मर्यादेचे आहे.

व्यवहारासाठी पुढील क्रम सुचवावासा वाटतो. दुकानाची मोजदाद होईल त्याच आठवड्यात घरातील वस्तूंची यादी गृहिणीच्या विचाराने करावी, कारण कोणती वस्तू वर्षभरात हाती लागली नाही हे तिलाच ठाऊक असते. नंतर तीन वाटे करावेत : विकण्याजोगे, दान देण्याजोगे आणि मोडीचे. पहिल्या वाट्यातील मोठ्या वस्तूंसाठी वरील तंत्र वापरावे. भांड्या-कपड्यांस त्याची गरज नाही, त्यांस बोहारीण पुरेशी आहे. दान द्यावयाची वस्तू स्वच्छ व वापरण्याजोगी असावी. भंगार देऊन पुण्य जोडू नये. बंद पडलेली विजेची उपकरणे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडे पोहोचतील, असे पाहावे. कोणा तरुणास जुन्या वस्तूंचा धंदाच करावयाचा असेल, तर २०१७ च्या वस्तू व सेवा कर नियमांतील नियम ३२(५) त्याने अवश्य वाचावा. खरेदीवरील कराची वजावट घेतली नसेल आणि वस्तूचे स्वरूप पालटले नसेल, तर कराची आकारणी पूर्ण किमतीवर न होता खरेदी-विक्रीतील फरकावर होते.

वखारीत पडून राहिलेल्या धान्यास कीड लागते, हे आपणांपैकी प्रत्येक जण जाणतो. घरातील पडीक वस्तूंचेही तेच होते. आज ज्यास चार गिऱ्हाइके आहेत, त्यास दहा वर्षांनी भंगारवालाच उरतो. नव्या तंत्राने वस्तू दूरच्या माणसास दाखवावी, जुन्या व्रताने तिचे खरे रूप सांगावे, आणि मोकळी झालेली जागा मोकळी राहू द्यावी. इतके साधले, तर दुकानाप्रमाणे घराचाही ताळेबंद बरोबर जुळेल.