तिसरा फवारा

मुलांनो, अणुगर्भात प्रोटॉन व न्यूट्रॉन असतात. त्यांच्याही पोटात क्वार्क नावाचे कण असावेत, असे मरे गेल-मान व जॉर्ज झ्वाइग यांनी १९६४ साली स्वतंत्रपणे सुचविले. क्वार्कांना सांधून ठेवणारा कण तो ग्लुऑन. इंग्रजीतील डिंकवाचक शब्दावरून त्यास हे नाव मिळाले.

हे बंधन मोठे विलक्षण आहे. लोहचुंबकापासून खिळा दूर नेला, की ओढ मंदावते. क्वार्कांमधील ओढ मात्र अंतराने मंदावत नाही. ताणलेल्या रबराप्रमाणे त्यांच्यातील ऊर्जा वाढत जाते. अखेर बंध तुटतो आणि त्या ऊर्जेतूनच नवे क्वार्क व प्रतिक्वार्क जन्मून जुन्यांना येऊन मिळतात. म्हणून एकटा क्वार्क वा ग्लुऑन कोणाच्याही हाती लागलेला नाही.

मग ग्लुऑन आहे, हे कळले कसे? जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे पेट्रा नावाच्या यंत्रात इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांची टक्कर घडवीत. तीतून क्वार्क व प्रतिक्वार्क विरुद्ध दिशांना सुटले, की कणांचे दोन फवारे उमटत. १९७९ साली मात्र काही टकरींत तीन फवारे दिसले. वाटेत क्वार्कातून ग्लुऑन सुटला होता. तिसरा फवारा त्याचाच! चार शास्त्रज्ञगटांना हीच खूण आढळली.

वाघ न दिसताही त्याच्या पावलांच्या ठशांवरून जाणता गुराखी त्याची वाट सांगतो. विज्ञानही ठशांवर विसंबते. मात्र ते अनेकांनी तपासल्यावरच.

स्वाध्याय
१. एकटा क्वार्क का सापडत नाही?
२. तिसऱ्या फवाऱ्यावरून शास्त्रज्ञांनी काय ताडले?