वाहन कोणाचेही, नियम सर्वांचा

मुलांनो, दोन रस्ते एकमेकांना छेदतात, तेथे चौक तयार होतो. काही चौकांच्या मधोमध गोल बेट असते. त्या बेटावर हिरवळ असते, फुलझाडे असतात, कधी कारंजे असते. वाहने या बेटाला वळसा घालून आपापल्या वाटेने जातात. अशा चौकाला आपल्याकडे ‘सर्कल’ म्हणतात. मुंबईच्या किंग्ज सर्कलचे नाव तुम्ही ऐकले असेल.

इंग्लंडमधील एक शहर अशा गोल चौकांसाठीच प्रसिद्ध आहे. त्याचे नाव बेसिंगस्टोक. ते लंडनच्या नैर्ऋत्येला, सुमारे पाऊणशे किलोमीटरवर आहे. पूर्वी ते बाजारपेठेचे लहानसे गाव होते. १८३९ साली तेथे आगगाडी आली. १८९८ साली थॉर्निक्रॉफ्ट कंपनीचा कारखाना तेथे सुरू झाला आणि गावात मालमोटारी तयार होऊ लागल्या. त्या जुन्या मालमोटारी आजही तेथील ‘माइलस्टोन्स’ नावाच्या संग्रहालयात पाहायला मिळतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये घरे अपुरी पडू लागली. तेव्हा लंडनमधील बऱ्याच कुटुंबांना बेसिंगस्टोकमध्ये वसवावे, असे १९६१ साली ठरले. त्या वेळी गावाची वस्ती सुमारे २५ हजार होती. आज ती एक लाखाहून अधिक आहे. माणसे वाढली, तशी वाहनेही वाढली. मग रस्ते आखणाऱ्यांनी जागोजागी गोल चौक बांधले. ते इतके झाले, की लोक गमतीने बेसिंगस्टोकला ‘डोनट सिटी’ म्हणू लागले. डोनट हा एक गोड पदार्थ आहे. आपल्या मेदूवड्यासारखे त्याच्याही मधोमध भोक असते!

नुसते गोल चौक बांधले, म्हणजे वाहतूक सुरळीत होते का? नाही. ब्रिटनमध्ये गोल चौक पूर्वीपासून होते. पण तेथे आधी कोणी जायचे, याचा नक्की नियम नव्हता. जो तो आपले वाहन चौकात घुसवी. थोड्याच वेळात बेटाभोवतीची सगळी जागा भरून जाई. आत असलेल्यांना बाहेर पडता येईना आणि बाहेर असलेल्यांना आत शिरता येईना. सगळी वाहने जागच्या जागी अडकून पडत.

असे का होते, हे समजायला मुंबईची लोकल आठवा. स्थानकात गाडी थांबली, की उतरणारे आणि चढणारे एकदम दारात घुसले, तर काय होते? कोणीच हलू शकत नाही. म्हणून आधी उतरणाऱ्यांना वाट द्यायची आणि मग चढायचे. आतले बाहेर आले, तरच बाहेरच्यांना जागा होते. गोल चौकाचेही तसेच आहे.

ब्रिटनमध्ये वाहने आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे ती बेटाभोवती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात. चौकात शिरू पाहणाऱ्या चालकाला, आधीच चौकात असलेले वाहन उजवीकडून येताना दिसते. नोव्हेंबर १९६६ मध्ये ब्रिटनच्या सरकारने सर्व देशासाठी नियम केला : गोल चौकात शिरताना उजवीकडून येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्या. नियम एका ओळीचा. पण त्यामुळे अडकणारे चौक मोकळे झाले. क्षणभर थांबावे लागे. पण थांबल्यामुळेच सगळे लवकर पोहोचू लागले.

आपल्या देशातही असा नियम आहे. १९८९ साली भारत सरकारने रस्त्यावरील वर्तणुकीचे नियम केले. ज्या चौकात एक रस्ता मुख्य ठरवलेला नसेल, तेथे उजवीकडून येणाऱ्या वाहनांना आधी वाट द्यावी, असे त्यांत सांगितले होते. हा नियम पाळला नाही, तर काय होते, ते आपण रोज पाहतो. हॉर्नचा गोंगाट होतो, भांडणे होतात, रुग्णवाहिकाही अडकून पडते.

१९६६ साली ब्रिटनच्या रस्त्यांवर अपघातांत जवळजवळ आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. आज तेथे वाहने सुमारे तिप्पट झाली आहेत. पण अपघातांत मरणाऱ्यांची संख्या वर्षाला दोन हजारांच्याही खाली आली आहे. हे एका दिवसात किंवा एका नियमाने झाले नाही. वाहतुकीच्या नियमांचे पुस्तक तेथे १९३१ सालीच निघाले होते. १९३५ साली वाहन चालवण्याची परीक्षा सक्तीची झाली. १९५१ साली पादचाऱ्यांसाठी पांढरे पट्टे आले. त्यांना झेब्रा क्रॉसिंग म्हणतात. १९८३ साली मोटारीच्या पुढच्या आसनांवर पट्टा बांधणे सक्तीचे झाले. रस्ते आणि मोटारीही अधिक सुरक्षित होत गेल्या. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली. नियम पाळण्याची आपल्याला किती गरज आहे, हे या आकड्यावरून कळते.

बेसिंगस्टोकला जसे गोल चौक आहेत, तसे गजबजलेले रेल्वेस्थानकही आहे. तेथून रोज कितीतरी माणसे कामासाठी लंडनला जातात. या गाड्या कोणाच्या मालकीच्या, याची कथा मोठी मजेदार आहे. सुरुवातीला त्या खाजगी कंपन्यांच्या होत्या. १९४८ साली सरकारने देशातील जवळजवळ सर्व रेल्वे आपल्या ताब्यात घेतल्या. सरकारने असा एखादा व्यवसाय ताब्यात घेतला, की त्याला राष्ट्रीयीकरण म्हणतात. पुढे १९९६ साली या गाड्या चालवण्याचे काम पुन्हा खाजगी कंपनीकडे गेले. याला खाजगीकरण म्हणतात. आणि २५ मे २०२५ रोजी ते काम परत सरकारकडे आले!

सरकारने गाड्या स्वतः चालवाव्यात, की कंपन्यांना चालवू द्याव्यात? याविषयी मोठ्या माणसांचीही वेगवेगळी मते असतात. सरकार नफ्या-तोट्याकडे न पाहता लहान गावालाही गाडी देऊ शकते, असे काही जण म्हणतात. कंपन्यांमध्ये चढाओढ लागली, की काम चांगले होते, असे दुसरे म्हणतात. तुम्ही मोठे झाल्यावर यावर जरूर विचार करा. मात्र एका गोष्टीबद्दल दुमत होऊ शकत नाही. गाडी कोणाचीही असो, ती सुरक्षित असलीच पाहिजे.

हे किती खरे आहे, ते एका दुःखद प्रसंगावरून समजेल. १२ डिसेंबर १९८८ रोजी सकाळी बेसिंगस्टोकहून एक गाडी लंडनला निघाली. तेव्हा रेल्वे सरकारच्या मालकीची होती. लंडनमध्ये क्लॅपहॅम जंक्शनजवळ पुढचा सिग्नल अचानक हिरव्याचा लाल झाला. चालकाने नियमाप्रमाणे पुढे गाडी थांबवली आणि तो सिग्नलबद्दल कळवण्यासाठी दूरध्वनीकडे गेला. मागून दुसरी गाडी येत होती. मागच्या सिग्नलने तिला थांबवायला हवे होते. पण तो सिग्नल बिघडलेला होता. ती गाडी उभ्या गाडीवर आदळली. ३५ माणसांचे प्राण गेले.

सरकारने या अपघाताची चौकशी केली. सिग्नलची नवी जोडणी करताना एक जुनी तार काढून टाकायची राहिली होती. ती नको तेथे टेकली आणि सिग्नल चुकीचा रंग दाखवू लागला. ज्याने हे काम केले, तो कामगार कित्येक आठवडे पुरेशी सुट्टी न घेता राबत होता. त्याने केलेले काम दुसऱ्या कोणीही तपासले नव्हते. ते तपासले असते, तर ती तार दिसली असती. म्हणून, थकलेल्या माणसाकडून असे जोखमीचे काम करून घेऊ नये आणि झालेले काम दुसऱ्याने नीट तपासावे, यावर चौकशीत भर देण्यात आला. रेल्वे सरकारची होती, म्हणून चूक झाकली गेली नाही. नियम सरकारलाही पाळावे लागतात.

विमानांचेही असेच आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईच्या जुहू विमानतळापर्यंत टपाल घेऊन विमान आणले. त्यांच्या कंपनीतून पुढे एअर इंडिया उभी राहिली. १९५३ साली भारत सरकारने ती ताब्यात घेतली. जानेवारी २०२२ मध्ये ती पुन्हा टाटा समूहाकडे गेली. तिकडे ब्रिटनच्या सरकारनेही १९८७ साली आपली ब्रिटिश एअरवेज ही विमान कंपनी विकली.

विमाने विकली, म्हणून उड्डाणाचे नियमही विकले गेले का? मुळीच नाही. वैमानिकाला परवाना कोणी द्यायचा, विमानाची तपासणी केव्हा करायची, वैमानिकाने किती तास विश्रांती घ्यायची, हे सारे नियम पूर्वीप्रमाणेच सरकारी यंत्रणा ठरवते. ते मालकाला मोडता येत नाहीत.

आता आपल्या एस.टी.कडे पाहा. १ जून १९४८ रोजी पहिली एस.टी. पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, धावली. एस.टी. महामंडळ सरकारी आहे. तिच्या शेजारून खाजगी बस जाते, शेतकऱ्याचा ट्रॅक्टर जातो, मंत्र्यांची मोटार जाते. सिग्नलचा लाल दिवा लागला, की या सर्वांनी थांबायचे असते. लाल दिवा कोणाचे नाव विचारत नाही.

मुलांनो, तुमच्याकडे मोटार नसेल. पण तुम्हीही रस्त्याने जाता. म्हणून काही नियम तुमच्यासाठीही आहेत. पदपथ असेल, तर त्यावरूनच चाला. तो नसेल, तर रस्त्याच्या उजव्या कडेने चाला, म्हणजे समोरून येणारे वाहन तुम्हाला दिसेल. रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे पाहा, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. उभ्या बसच्या पुढून एकदम रस्त्यावर धावू नका. मागून येणाऱ्या चालकाला तुम्ही दिसत नाही. स्कूटरवर मागे बसताना डोक्यावर हेल्मेट घाला. चार वर्षांवरील मुलांनाही ते आपल्या कायद्याने सक्तीचे आहे. घरातील मोठी माणसे घाईत विसरली, तर त्यांना नम्रपणे आठवण करून द्या.

रस्त्यावर आपल्याला भेटणारी बहुतेक माणसे अनोळखी असतात. तरीही पांढऱ्या पट्ट्यांवर पाऊल ठेवताना, समोरचा चालक थांबेल, असा विश्वास आपण बाळगतो. तोही, आपण एकदम मध्ये धावणार नाही, असे धरून चालतो. एकमेकांचे नावही ठाऊक नसलेल्या माणसांमध्ये हा विश्वास नियमामुळे निर्माण होतो. तो आपण मोडू नये.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बेसिंगस्टोकला लोक गमतीने काय म्हणतात?
(आ) ब्रिटनमध्ये गोल चौकाचा नियम केव्हा झाला?
(इ) पहिली एस.टी. कोठून कोठे धावली?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) नियम नसताना गोल चौकात वाहने का अडकून पडत?
(आ) क्लॅपहॅम जंक्शनच्या अपघातातून कोणता धडा मिळाला?
(इ) ‘लाल दिवा कोणाचे नाव विचारत नाही’, असे लेखकाने का म्हटले आहे?

३. उपक्रम : मैदानावर खडूने मोठे वर्तुळ काढा. त्याला चार वाटा जोडा. काही मुलांनी ‘वाहने’ व्हावे. एकदा नियमाशिवाय आणि एकदा ‘आधी उजवीकडचा’ हा नियम पाळून चाला. काय फरक पडला, ते वर्गात सांगा.