वखार-व्यवस्था : ग्रामीण तरुणांना खुले असलेले कार्यक्षेत्र

शेतमालाच्या व्यवहारात पिकविणारा आणि विकणारा यांचा विचार नेहमी होतो. या दोहोंच्या मध्ये माल सांभाळणारा मात्र बहुधा दुर्लक्षित राहतो. वास्तविक, हंगामात एकदम येणारा माल वर्षभर पुरवून विकावयाचा तर त्याची निगा राखणारी शिक्षित माणसे हवीत. ऊस, गूळ, सोयाबीन, दूध, ओतकाम आणि इचलकरंजीचे कापड यांमुळे गजबजलेल्या कोल्हापूर जिल्ह्यात तर हे काम तरुणांना प्रतिष्ठेचे आणि स्थिर उत्पन्नाचे साधन होऊ शकते.

कोल्हापूरची परंपरा

१८९१ साली मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला आणि १८९५ साली राजर्षी शाहू महाराजांनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसविली. रेल्वेच्या सान्निध्यात बाजारपेठ उभारल्याने कोल्हापूरचा गूळ दूरवर जाऊ लागला. गुळाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. मागणी मात्र वर्षभर असते. गूळ हवेतील ओलावा शोषून घेतो. पावसाळ्यात त्याला पाणी सुटते, रंग काळवंडतो आणि भाव उतरतो. म्हणूनच शीतगृहातील साठवण हा या व्यापाराचा आवश्यक भाग झाला आहे. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले. या नावाची पत राखावयाची, तर कोणता रवा कोणत्या गुऱ्हाळातून आला याची नोंद साठवणुकीच्या प्रत्येक टप्प्यावर टिकली पाहिजे.

कायद्याची बैठक

रिझर्व्ह बँकेने १९५१ साली नेमलेल्या गोरवाला समितीने ग्रामीण कर्जपुरवठ्याची पाहणी करून १९५४ साली अहवाल दिला. पतपुरवठा, विक्री आणि साठवण यांची सांगड घालावी, हे तिच्या शिफारशींचे सूत्र होते. त्यानुसार १९५६ चा कायदा झाला व १९५७ साली केंद्रीय वखार महामंडळ स्थापन झाले. महाराष्ट्र राज्य वखार महामंडळाची स्थापनाही त्याच वर्षाची. पुढे वखारींचा विकास व नियमन यांसंबंधीचा २००७ चा कायदा २०१० पासून अमलात आला, तर २०१७ पासून नोंदणीकृत वखारींच्या पावत्या इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळू लागल्या. अशी पावती बँकेकडे तारण ठेवता येते, तसेच माल जागचा न हलविता ती दुसऱ्याच्या नावे करता येते.

पावतीमागचा हिशेब

राज्य कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीमार्फत मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत, सहा महिन्यांसाठी, ६ टक्के व्याजाने कर्ज मिळते. समजा, एका शेतकऱ्याने १०० क्विंटल सोयाबीन ठेवले आणि भाव क्विंटलला ४,००० रुपये धरला. मालाची किंमत ४ लाख रुपये, कर्ज ३ लाख रुपये आणि १८० दिवसांचे व्याज सुमारे ८,९०० रुपये होईल. म्हणजे भाव क्विंटलमागे निदान ९० रुपयांनी वाढला, तरच थांबण्यात अर्थ आहे.

आता मालाची दुसरी बाजू पाहू. ठेवताना त्या सोयाबीनमध्ये १४ टक्के ओलावा असेल आणि साठवणुकीत तो १२ टक्क्यांवर आला, तर १०० क्विंटलचे सुमारे ९७.७ क्विंटल भरतात. ही २.३ क्विंटलची घट कोणी चोरलेली नसते. ते उडून गेलेले पाणी असते. परंतु पहिल्या दिवशीचा ओलावा नोंदलेला नसेल, तर सुमारे ९,००० रुपयांचा वाद उभा राहतो आणि गोदामपालाच्या सचोटीवर संशय येतो. शेतकऱ्याचा लाभ आणि गोदामपालाची अब्रू या दोन्ही गोष्टी एका नोंदीवर अवलंबून असतात.

गोदामपालाची कर्तव्ये

माल येताच त्याचे वजन करणे, अनेक पोत्यांतून नमुने काढणे आणि ओलावामापक यंत्राने तपासणी करणे हे पहिले काम होय. पोती थेट जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर रचावीत. भिंत आणि थप्पी यांच्यामध्ये माणूस फिरू शकेल एवढी जागा सोडावी. प्रत्येक थप्पीस कार्ड लावून आवक, जावक व शिल्लक लिहावी आणि आधी आलेला माल आधी बाहेर काढावा. किडीसाठी ठराविक दिवसांनी पाहणी करावी. विषारी वायूचे धुरीकरण मात्र परवानाधारक प्रशिक्षित व्यक्तीकडूनच करून घ्यावे. यात हयगय झाल्यास जीव जातो. हमालांशी व्यवहार करताना १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी कायद्याची माहिती असणेही अगत्याचे आहे.

महापुराचा धडा

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या महापुरामुळे पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ काही दिवस बंद राहिला व मालवाहतूक खोळंबली. जुलै २०२१ मध्ये तसाच प्रसंग ओढवला. गोदामाची जागा पूररेषेच्या वर निवडणे, विमा मुदतीत ठेवणे, पावसाळ्यापूर्वी खालच्या थरातील माल हलविणे आणि पर्यायी मार्ग आधीच ठरविणे ही कामेही या व्यवसायात मोडतात. वाहतूक आणि साठवण ही एकाच साखळीची दोन कडी आहेत.

प्रवेशाचे मार्ग

दहावी-बारावी झालेल्या तरुणाला वखार-सहायक, साठा-लेखनिक किंवा माल उचलणाऱ्या यंत्राचा चालक म्हणून आरंभ करता येतो. त्यासाठी अल्पमुदतीचे कौशल्य अभ्यासक्रम आहेत. केंद्रीय वखार महामंडळाच्या कनिष्ठ तांत्रिक सहायक पदासाठी कृषी पदवी, अथवा प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र वा जीवरसायनशास्त्र यांपैकी विषय घेऊन घेतलेली पदवी चालते. धान्य-साठवणुकीचे शास्त्रीय प्रशिक्षण उत्तर प्रदेशातील हापूर येथील केंद्रीय संस्थेत, तर सहकारी व्यवस्थापनाचे शिक्षण पुण्याच्या वैकुंठ मेहता संस्थेत मिळते. शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल येथील औद्योगिक वसाहतींतही कच्चा माल आणि सुटे भाग यांचा साठा सांभाळावा लागतो. संगणकावर नोंदी ठेवणे येणाऱ्याला तेथे वाव आहे. हिशेबातील नेमकेपणा आणि निर्व्यसनी वृत्ती ही मात्र कोणत्याही पदविकेत न मिळणारी पात्रता होय.

गावपातळीवरील कर्तव्य

प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या पातळीवर गोदामे उभारण्याची योजना केंद्र शासनाने मे २०२३ मध्ये मंजूर केली. परंतु इमारत झाली म्हणजे वखार झाली असे नव्हे. संस्थेने गोदामाचा ठराव करतानाच ते सांभाळणाऱ्या तरुणाच्या प्रशिक्षणाचाही ठराव करावा. पंचायत सदस्यांनी गावातील पदवीधरांना या वाटेची माहिती द्यावी. शिक्षकांनी शेकडेवारीच्या पाठात वर दिलेले ओलाव्याचे गणित विद्यार्थ्यांकडून सोडवून घ्यावे. असे केल्यास गावातला माल गावातच, जाणत्या हातांत राहील आणि शेतकऱ्याला पडत्या भावाने विकण्याची घाई करावी लागणार नाही.