अनुदानाचा पैसा: कोणाचा, कशासाठी, कोणत्या अटीवर

सख्यांनो, बचतीचा आणि कर्जाचा हिशेब आपल्याला आता पाठ झाला आहे. कोणाचा हप्ता थकला, कोणाला दंड लागला, हे रजिस्टर न उघडता सांगणाऱ्या बायका आपल्या संघात आहेत. पण बैठकीत अनुदानाचा विषय निघाला की दोनच आवाज ऐकू येतात. एक म्हणते, "फुकट मिळतंय ना, घेऊन टाका." दुसरी म्हणते, "नको बाई, उद्या अंगाशी येईल." या पाठात अनुदान म्हणजे नेमकं काय ते नीट समजून घेऊ, म्हणजे बैठकीत आपल्याला तिसरं काहीतरी बोलता येईल.

कर्ज परत करायचं असतं. बक्षीस कसंही खर्च करता येतं. अनुदान या दोन्हींपेक्षा वेगळं आहे. ते परत करायचं नसतं, पण ज्या कामासाठी दिलं त्याच कामावर खर्च करायचं असतं. मुलींच्या अभ्यासिकेसाठी आलेले पैसे जून महिन्यात एखाद्या सदस्येला बियाण्यासाठी दिले आणि तिने दिवाळीआधी व्याजासकट परत केले, तरी ते चुकलंच. आपल्याला ते चुकीचं वाटत नाही, कारण पैसा फिरता ठेवायची सवय आपणच लावून घेतली आहे. फिरता निधी किंवा समुदाय गुंतवणूक निधी मुळात फिरवण्यासाठीच असतो, तिथे ही सवय बरोबर. प्रकल्पाच्या अनुदानाला मात्र ती लावायची नाही. वेगळं बँक खातं काढा, ते जमत नसेल तर निदान वेगळी कॅशबुक ठेवा. शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यावर सनदी लेखापालाची सही लागते.

आता अनुदान मिळतं कोणाला, ते पाहू. दहा-वीस जणींचा गट ही आपली ताकद असली, तरी बहुतेक देणाऱ्यांना नोंदणीकृत संस्था लागते. संस्था नोंदणी अधिनियम 1860 आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खाली धर्मादाय कार्यालयात नोंदलेली संस्था, किंवा कंपनी कायद्याच्या कलम 8 खालची ना-नफा कंपनी. म्हणून गटाने एकट्याने धावपळ करण्यापेक्षा संघाच्या नावाने अर्ज करणं सोयीचं. सोबत आयकराची 12 अ नोंदणी लागते. 80 जी असेल तर देणाऱ्याला करात सवलत मिळते, त्यामुळे त्याचा हात थोडा सैल सुटतो.

कंपन्यांच्या पैशाबद्दल बऱ्याच जणी विचारतात. 2013 च्या कंपनी कायद्यातल्या कलम 135 प्रमाणे मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम समाजकामावर खर्च करायची असते. निव्वळ मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यांतलं एक जरी असलं तरी ती कंपनी यात येते. कोणत्या कामांवर खर्च करता येतो त्याची यादी कायद्यातच आहे. स्त्री-पुरुष समानता, महिलांचं सक्षमीकरण, महिलांसाठी वसतिगृहं ही कामं त्या यादीत आहेत. म्हणजे आपलं काम त्यांच्या यादीत आधीच आहे, मान खाली घालून मागायची गरज नाही. पण 1 एप्रिल 2021 पासून असा पैसा घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-1 हा फॉर्म भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. तो नसेल तर बोलणं पुढे सरकत नाही.

परदेशी पैशाचं गणित याहून कडक. एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर परदेशी देणगीचा एक रुपयाही घेता येत नाही. पूर्वी अशी नोंदणी असलेल्या मोठ्या संस्था गावपातळीवरच्या लहान संस्थांना त्यातला वाटा देऊ शकत. 2020 च्या दुरुस्तीने ते बंद झालं, आणि त्याचा फटका लहान संस्थांना बसला. गावाकडचं कोणी अमेरिकेत असेल आणि प्रेमाने म्हणत असेल की "मुलींसाठी पैसे पाठवतो", तर आधी एकच विचारा: पासपोर्ट कुठला? भारताचं नागरिकत्व कायम असेल आणि स्वतःच्या बचतीतून देत असेल, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर धरतात, मग तो आपल्या आळीतला का असेना.

कागद झाले, आता अटींकडे वळू. महाराष्ट्राने बायकांच्या शिक्षणासाठी पैसा उभा केला त्याची गोष्ट इथे उपयोगी पडेल. धोंडो केशव कर्वे यांनी 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम सुरू केला, पुढे तो हिंगण्याला गेला. त्यासाठी गावोगाव भाषणं देऊन वर्गणी जमवणाऱ्यांत पार्वतीबाई आठवले होत्या. कर्व्यांच्या मेहुणी, आणि स्वतः विधवा. त्या पुढे अमेरिकेलाही जाऊन आल्या. 1916 मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला 15 लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव मिळालं: श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, म्हणजेच आपल्या तोंडातलं एसएनडीटी. नाव बदललं, पण बायकांचं उच्च शिक्षण हे काम तेच राहिलं. असल्या अटीला घाबरायचं कारण नाही.

घाबरायचं ते काम बदलायला लावणाऱ्या अटीला. समजा, आपल्या गावांत दारू आणि मारहाणीच्या तक्रारी वाढल्या आहेत आणि समुपदेशन केंद्र हवं आहे. देणारा म्हणतो, अकरा महिन्यांत दोनशे बायकांना शिलाई शिकवा, फोटो पाठवा. शिलाई वाईट नाही. पण अशी दोन-तीन अनुदानं घेतली की संघ कशासाठी काढला होता तेच विसरायला होतं, आणि केंद्राची वाट पाहणारी बाई तिथंच राहते. माझं मत विचाराल, तर अशा वेळी नाही म्हणणं हेही पदाधिकाऱ्यांचं कामच आहे.

दुसरी अडचण अशी की देणाऱ्याला दिसणारी वस्तू आवडते. एक हिशेब मांडून पाहू, आकडे नमुन्याचे आहेत. मुलींची अभ्यासिका वर्षभर चालवायची. खोलीचं भाडं महिना 1,500, म्हणजे 18,000. सांभाळणाऱ्या ताईचं मानधन महिना 4,000, म्हणजे 48,000. टेबल, खुर्च्या, दिवे 25,000. पुस्तकं 15,000. प्रवास आणि ऑडिट 9,000. एकूण 1,15,000. देणारा खुशीने 40,000 देतो, टेबल-खुर्च्या आणि पुस्तकांचे. पाटी लागते, नारळ फुटतो. बाकीचे 75,000 कोण देणार? ते नसतील तर पुस्तकं कुलपात आणि कुलूप उघडायला माणूस नाही. अर्ज लिहिताना मानधन, भाडं, ऑडिट हे खर्च लाजून लपवू नका. पहिल्याच पानावर पूर्ण 1,15,000 लिहा, आणि त्यातले किती तुमच्याकडे मागतो आहोत तेही लिहा.

त्या 75,000 साठी नेपाळचं एक उदाहरण सांगण्यासारखं आहे. तिथे 1995 मध्ये रीता थापा यांनी 'टेवा' नावाचा महिला निधी सुरू केला. टेवा म्हणजे आधार, आपण टेकू म्हणतो तसा. बायकांच्या कामासाठी नेहमी बाहेरच्या देशांकडेच का पाहायचं, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी स्वयंसेविका तयार केल्या, साध्या नेपाळी माणसांकडून लहान लहान देणग्या गोळा केल्या आणि त्यातून खेड्यापाड्यांतल्या महिला गटांना अनुदान द्यायला सुरुवात केली. आता आपला हिशेब करा. संघात 600 सदस्या असतील आणि प्रत्येकीने महिन्याला 10 रुपये दिले, तर वर्षाचे 72,000 होतात. 75,000 च्या अगदी जवळ! मात्र हे सर्वसाधारण सभेत ठरलं पाहिजे, पावती वेगळी पाहिजे, आणि जिला जमत नाही तिच्यावर सक्ती नको. बचतीच्या पैशात तर ते मिसळायचंच नाही.

आणि सगळ्यात जवळचा पैसा आपल्याच गावात असतो. ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. घरपट्टी, गाळ्यांचं भाडं असं मिळून वर्षाचं स्वउत्पन्न 6 लाख असेल, तर 60,000 होतात. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण समितीच्याही योजना असतात, सायकली किंवा शिलाई मशीन त्यातूनच येतात. पण गावातले 10 टक्के कशावर गेले हे आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे? काही ठिकाणी ते अंगणवाडीच्या सतरंज्यांवर जातात, काही ठिकाणी नुसते कागदावर राहतात. नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, तिथे हा प्रश्न विचारायचा आपल्याला हक्क आहे. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो.

एक सूचना वेगळी सांगते. "अनुदान मंजूर करून आणतो, दहा टक्के द्या," असं म्हणणारा कोणी ना कोणी भेटतोच. त्याला एवढंच विचारा, की ही रक्कम कॅशबुकात कोणत्या नावाने लिहू आणि पावती कोण देणार? सहसा तो पुन्हा येत नाही.

पुढच्या मासिक बैठकीसाठी काम: प्रत्येक ग्रामसंघाने ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून मागच्या वर्षाचं स्वउत्पन्न आणि महिला व बालकल्याणावरचा खर्च, हे दोन आकडे लेखी आणावेत. सोबत आपल्या गावातल्या मुलींसाठी एकच काम निवडावं आणि वर दाखवला तसा त्याचा पूर्ण खर्च मांडावा, मानधनासकट. ज्या गावात आकडे मिळणार नाहीत, त्या गावच्या सख्यांनी तेही लिहून आणावं: कोणाला विचारलं, कोणत्या तारखेला, आणि काय उत्तर मिळालं.