लिंबूटिंबूंचे खेळ

असरच्या नमाजनंतर गल्लीत पकडापकडीचा डाव रंगतो. तेव्हा तुमचा तीन-साडेतीन वर्षांचा धाकटा भाऊ "मलाही घ्या" म्हणून हट्ट धरतो. अम्मी आतून सांगतात, "त्यालाही खेळवा रे." मग तुम्ही काय करता? त्याला लिंबूटिंबू करता. लिंबूटिंबू खेळात असतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. तो धावतो, पण त्याला कोणी पकडत नाही. थोड्या वेळाने हे त्याच्या लक्षात येते आणि तो पायरीवर जाऊन बसतो. लहान असला तरी त्याला सगळे कळते!

कधी तुम्ही त्याला खरोखर खेळात घेता. मग तो लगेच बाद होतो आणि डाव संपेपर्यंत बसून राहतो. म्हणजे ज्याला हालचालीची गरज जास्त, तोच जास्त वेळ बसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे, की तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल व्हावी. त्यांपैकी निदान ६० मिनिटे जोमाची असावीत. पायरीवर बसून हे तीन तास कसे भरणार?

म्हणून त्याच्यासाठी खेळच बदलावा लागतो. तीन वर्षांचे मूल धावते, दोन्ही पायांनी उडी मारते. एका पायावर उड्या मारणे मात्र साधारण चौथ्या वर्षी जमू लागते. तेव्हा लहान बहिणीला लंगडी येत नाही म्हणून तिला हसू नका.

जमिनीवर खडूने दोन रेघा एक वीत अंतरावर ओढा. हा झाला ओढा. मुलांनी एकामागून एक उडी मारून तो ओलांडायचा. प्रत्येक फेरीनंतर एक रेघ थोडी दूर ओढा. पाय मध्ये पडला, तर सर्वांनी "पाय भिजला!" म्हणून ओरडायचे आणि त्याने पुन्हा रांगेत यायचे. बाद कोणीच नाही. रेघांऐवजी ओढण्या मात्र पसरू नका. फरशीवर ओढणी पायाखालून सरकते आणि मूल तोंडावर पडते.

'चिडिया उड' तुम्हाला येतोच. मराठी मुले त्यालाच 'चिमणी उडाली भुर्र' म्हणतात. तुम्ही तो बसून, बोट उचलून खेळता. लहानांना उभे करा. उडणाऱ्याचे नाव घेतले, की हात हलवत धावायचे. न उडणाऱ्याचे घेतले, की खाली बसायचे. "म्हैस उडाली" म्हटल्यावर एखादा धावलाच, तर धावू द्या.

आणखी एक खेळ थाळीचा. थाळी वाजते तोवर बेडकासारखे उड्या मारत किंवा हत्तीसारखे डुलत चालायचे. थाळी थांबली, की पुतळा व्हायचे. धावण्यापेक्षा थांबणे लहान मुलांना अवघड जाते. कान देऊन ऐकणे आणि शरीर आवरणे, दोन्ही एकाच वेळी करावे लागते.

जागा नाही, असे म्हणू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले. गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येत नव्हती, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. बोर्डी आज पालघर जिल्ह्यात आहे. तुमच्याकडे अंगण नसेल, तर घरापुढची मोकळी जागा चालेल. कठडा नसलेली गच्ची मात्र नको.

दोन-चार दिवसांनी धाकटा स्वतःच थाळी मागेल. त्याला द्या. मग पुतळा तुम्ही व्हायचे.